टाकीतला काळा गाळ

आमच्या थोरल्या जाऊबाईंना बॅटरीच्या कारखान्यात सगळे ‘टाकीची आई’ म्हणत. कारखान्याच्या सांडपाण्यात शिसं असतं. ते काढायला एका बंद टाकीत जंतू पोसलेले होते, आणि त्यांना रोज उसाची मळी पाजायचं काम जाऊबाईंचं. घरी आल्या की अंगाला कुजक्या अंड्यांचा वास! “माझी पोरं जेवली बरं का,” असं सांगितल्याशिवाय त्या ताटावर बसत नसत. मी नाक दाबून हसायचे. टाकीतून पाणी मात्र खरंच नितळ निघायचं, आणि जाऊबाईंना त्याचा भारी तोरा.

टाकीच्या तळाशी काळाकुट्ट गाळ साचे. तो सुकवून, पोत्यांत भरून कारखान्यातल्याच एका खोलीत कुलूपबंद ठेवत. जाऊबाईंचा जीव तुटायचा. घरातला भाजीपाल्याचा कचरा कुजून काळा झाला की त्याचं उत्तम खत होतं. मग जंतूंनीच केलेलं हे खत कोंडून कशाला ठेवायचं? किल्ली त्यांच्याकडेच होती. थोडा थोडा करून त्यांनी तो गाळ आमच्या परसात आणला. पालक असा फोफावला की मीही हावरटासारख्या जुड्या मागून घेतल्या. त्यांची नात तर दिवसभर त्याच वाफ्यात मातीचे गोळे वळत बसायची आणि तीच बोटं तोंडात घालायची.

मग ती पोट धरून रडू लागली, फिकी पडली. डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं.

“रक्तात शिसं आहे. घरात आलं कुठून?”

मी चटकन जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई मात्र उलट त्यांनाच समजावू लागल्या, “छे हो! शिसं आमची पोरं फस्त करतात. पाण्यात थेंबभर राहत नाही.”

“पाण्यात राहत नाही, पण संपतही नाही. जंतू ते पाण्यातून काढतात आणि गाळात बसवतात. त्या गाळाचं काय करता?”

“परसात... पालकाच्या वाफ्यात घातला,” जाऊबाई पुटपुटल्या. मला त्यांचा भयंकर राग आला, कीवही आली, आणि माझ्या घशाखाली गेलेला पालकही आठवला.

“उपचार करू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण यापुढे कणभरही पोटात जाता कामा नये. हिच्या खाण्यापिण्याचं कोण बघतं?”

नातीनं आजीचं बोट घट्ट धरलं होतं. जाऊबाईंनी गाळ हाताळलेलं ते बोट हळूच सोडवून घेतलं.

“मीच,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नाही ती.”