चव बघणारा

वहिनींच्या सासऱ्यांनी समुद्राकाठी खानावळ काढली, तेव्हा ती नुसती चार खांबांवर उभी होती. मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या आडव्या टाकून त्यांनी टेबलं केली. सासरे माणसं गोळा करत, सासूबाई चूल सांभाळत. सासूबाईंच्या हातचा माशांचा रस्सा खाऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिसला नाही, तर सासरे म्हणत, "आजारी पडला असेल बिचारा."

वहिनी या घरात सून म्हणून आल्या आणि अंगावरचं नवेपण उतरायच्या आत चुलीपुढे बसल्या. सासूबाई कडक. "माप मला विचारू नकोस, जिभेला विचार," एवढंच त्यांचं शिकवणं. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा एका सकाळी त्यांनी डाव सुनेच्या हातात दिला आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. सासरे गेले, मागोमाग त्याही गेल्या. छप्पर पक्कं झालं, काचेच्या खिडक्या आल्या. गल्ल्यावर वहिनींचा नवरा बसू लागला. गिऱ्हाइकं त्यांना दादा म्हणत, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी.

पन्नाशी उलटल्यावर वहिनींना ताप आला. उतरला, पण जाताना नाकातला वास आणि तोंडातली चव घेऊन गेला. एकदा दूध करपून स्वयंपाकघर धुराने भरलं, आणि वहिनी पाठमोऱ्या बसून कांदा चिरत होत्या. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. नाहीही येणार." नाही आली.

त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितलं. "अहो, बंदच करू या आता."

"वेडी आहेस का? माझी जीभ आहे ना. जन्मभर तुझ्या हातचं खाल्लंय, एवढं नाही कळणार?"

तेव्हापासून दादा गल्ला सोडून आत यायचे, चमच्यावर फुंकर घालून चाखायचे. "चिमूटभर मीठ." "आंबट कमी पडलंय." गिऱ्हाइकं चिडवायची, "काय दादा, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय!" दादा म्हणायचे, "उतू जाऊ नये म्हणूनच तर लक्ष ठेवतो." शहरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीलाही पत्ता लागला नाही. अशी कित्येक वर्षं गेली.

एका दुपारी दादांनी चमचा हातात घेतला आणि तोंडापर्यंत न्यायच्या आधीच ते खाली बसले. "जरा थांब," म्हणाले. पुन्हा उठले नाहीत.

मुलगी म्हणाली, "आई, माझ्याकडे चल." वहिनींनी ऐकलं नाही. खानावळ पुन्हा उघडली. हाताच्या सवयीवर रांधू लागल्या. विचारलं की लोक "छान" म्हणत. पण एकेक टेबल रिकामं राहू लागलं. सासूबाईंच्या वेळेपासून येणारा म्हातारा शिंपी तेवढा रोज यायचा, ताट पुसून खायचा आणि तांब्याभर पाणी प्यायचा.

सुट्टीत मुलगी आली. पहिल्याच घासाला तिचा हात थांबला.

"आई, हे चाखलंस तू?"

"का? खारट झालंय?"

"तोंडात घालवत नाही गं."

वहिनी बाकावर बसल्या. "तुझे बाबा चाखायचे," म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून आली असतीस. आली असतीस तरी मला वाईट वाटलं असतं, आली नसतीस तरी."

दुपारी शिंपी आला. वहिनी स्वतः त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, खरं सांगा. इतके दिवस कसं खाल्लंत?"

शिंप्याने मान खाली घातली. "मी आलो नसतो, तर तुम्ही कुणासाठी रांधलं असतं, वहिनी?"

"तोंडावर सांगितलं असतंत तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्यापुढचं ताट उचललं.

मुलीने रजा वाढवून घेतली. "मी चाखते, तू कर." दोघी भल्या पहाटेपासून खपल्या. मीठ जमलं, आंबट जमलं, तरी मुलगी चमचा धरून उभीच. "काहीतरी कमी आहे, पण काय ते सांगता येत नाही." लहानपणीच शिकायला बाहेर गेलेली पोर. वहिनींनी पातेलं उतरवलं आणि चूल विझवली.

ती जागा आता दुसऱ्यांनी घेतली आहे. तिथे चहा आणि थंड पेयं मिळतात, बऱ्यापैकी चालतं. वहिनी मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहतात. पुढ्यात येईल ते निमूट खातात, स्वयंपाकघरात मात्र पाऊल टाकत नाहीत. परवा जावई मोठ्या हौसेने मासे घेऊन आला. "सांगा ना, तो रस्सा कसा करायचा?" वहिनींनी सांगायला सुरुवात केली. कांदा किती परतायचा, मासे कधी सोडायचे. मध्येच थांबल्या.

"पुढचं आमच्या यांना ठाऊक होतं," म्हणाल्या, आणि उठून खोलीत गेल्या. मुलगी थोड्या वेळाने बघायला गेली, तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. जाग्या असून डोळे मिटून घेतलेले. तिने दिवा मालवला नाही, नुसतं दार लोटून घेतलं.