हातखाडीचा सातवा ओहोळ

नकाशासाठी ओढ्या-डोंगरांची नावं आणि त्यांचे अर्थ नोंदवायचं काम मला मिळालं, तेव्हा विसरवाडीच्या पलीकडचा डोंगराळ भाग माझ्या वाट्याला आला. माझं माहेर धानोऱ्याचं, घरात अहिराणी. डोंगरातली मावची बोली फक्त बाजारात कानावर पडलेली.

तिथल्या एका ओढ्याला सगळे हातखाडी म्हणत. ओढ्याला तिकडे खाडीच म्हणतात, म्हणजे अर्ध्या नावाचा अर्थ लागला होता. उरला हात. वरून येणारे ओहोळ बोटांसारखे पसरलेत म्हणून हात, असं मी ठरवून टाकलं आणि फोनवर आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "हात शे, मंग पाय कोठे शेत?"

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या एका घरी गेले. अंगणात नवराबायको तूर झोडत होते. मी माझा अर्थ सांगितला. वहिनींना हसू आवरेना.

"हाताला आम्ही आथ म्हणतो, बाय. हात म्हणजे सात."

आपल्या 'स'चा इथे 'ह' होतो हे मी वाचलेलं होतं, तरी कान फसला होता.

"पण सात काय?" मी विचारलं.

"सात पाणी," दादा म्हणाले. "सात ठिकाणांहून येतं."

"मोजलंय कुणी?"

मग दादांनी काठी भिंतीला लावली. तूर तशीच टाकून आम्ही तिघं ओढ्याच्या कडेने वर निघालो.

थंडी संपत आलेली. काही ओहोळांत पाणी होतं, काहींत नुसती ओल. एका ओलीवरून दोघांचं चांगलंच वाजलं. दादा ती ओल मोजणीत धरायला तयार नव्हते, वहिनी पायाने पाला सरकवून चिखल दाखवत होत्या. शेवटी ती धरली, तरी सहाच भरले.

"सातवा माझ्या भावाच्या शेतात होता," दादा म्हणाले. "सपाट करताना बुजला."

"ती पावसाची चारी होती," वहिनी म्हणाल्या. "पुष्कळ पाणी म्हणून सात म्हटलं असेल कुणीतरी."

परत येताना मी विचारलं, नाव लिहू कसं? वहिनी म्हणाल्या, "सात लिहा. नाहीतर सगळे तुमच्यासारखे बोटं शोधत बसतील." दादांना ते पटलं नाही. "उद्या कुणी मला सातखाडी कुठे विचारली, तर मी कुठली दाखवू?"

मी हातखाडी लिहिलं. अर्थापुढे लिहिलं: सात ओहोळ; सहा सापडले, सातव्याबद्दल दोन मतं.

ऑफिसात साहेबांनी बोलावून घेतलं. "नाव हात आणि अर्थ सात? टायपिंगची चूक आहे का?" मी 'स'चा 'ह' कसा होतो ते सांगितलं. ते दार लोटून घेत हळूच म्हणाले, "नकाशाच्या शेजारच्या शीटवर एक हागपाडा आहे. लाजेने मी त्याचा अर्थच कधी विचारला नाही."

"सागाचा पाडा असेल," मी म्हणाले. "पण विचारावं लागेल."

"चला, विचारूया," ते म्हणाले, आणि कपाटातून ती शीट शोधायला लागले.