उशीचं डोहाळजेवण

कुसाबाई गायधनींना लोक अजून ओळखतात ते एका भिकार चित्रपटामुळे, आणि याचा त्यांना मनस्वी संताप येतो. बावीस वर्षं त्यांनी रंगमंचावर काढली. येवल्याच्या मैदानापासून धुळ्याच्या पत्र्याच्या सभागृहापर्यंत त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचायचा. राज्य नाट्यस्पर्धेत दोनदा पदक मिळालं. त्यातलं कुणाला काही आठवत नाही. आठवतो तो 'पाळणा विकणे आहे'.

त्याचा दिग्दर्शक धनराज. वडिलांच्या तेलाच्या घाण्यावर बसायचा कंटाळा आला, म्हणून कलावंत झालेला. शहाऐंशी साली नाशकात एकोणीस दिवसांत त्याने तो चित्रपट उरकला. कथा अशी, की एक नर्स, तीच कुसाबाईंची भूमिका, कुमारी मातांची मुलं पळवते आणि श्रीमंत निपुत्रिकांना विकते. प्रसूतिगृह म्हणून कुसाबाईंच्याच पंचवटीतल्या दोन खोल्या वापरल्या, दारावर फक्त लाल क्रॉस रंगवला. साड्याही त्यांच्याच. नर्सचं नावदेखील कुसाबाई ठेवलं, कारण नाटकातली माणसं परक्या नावाने हाक मारली की वळत नाहीत, मग फिल्म वाया जाते, असं धनराजचं शास्त्र. इन्स्पेक्टरचा गणवेश एका एसटी कंडक्टरकडून मागून आणला होता. पाळण्यात बाहुली होती आणि तिचं रडणं प्रकाशयोजना करणारा गृहस्थ तोंडाने काढत असे. सिन्नरच्या तंबूत चार दिवस हे सगळं चाललं आणि मग कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही.

त्या नर्सचं एक खास कसब होतं. मूल विकत घेणाऱ्या शेठाणीच्या पोटाला ती महिन्यागणिक वाढती उशी बांधायची, म्हणजे मूल घरचंच वाटावं.

गेल्या वर्षी कुणा रिकामटेकड्याने तो चित्रपट यूट्यूबवर टाकला, आणि तो पाहिला कुसाबाईंच्या सुनेने, वेदिकाने. आता वेदिका आणि योगेश यांच्याविषयी सांगायला हवं. योगेश अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर, वेदिका शिकवण्या घेते. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर झाले, देव झाले. शेवटी दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं आणि रीतसर नाव नोंदवलं. अर्ज, दाखले, घर बघायला येऊन चहाला नको म्हणणारी समाजसेविका, आणि मग साडेतीन वर्षांची प्रतीक्षायादी. सगळं कायद्याने, शिक्क्यानिशी. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

यादीतला नंबर वर सरकू लागला तशी वेदिका एका दुपारी सासूजवळ येऊन बसली. दोनेक महिन्यांचं बाळ मिळेल, असा तिचा अंदाज होता. तोवर लोकांना दिवस गेल्याचं दाखवता आलं, तर पुढे बाळाला कुणी परकं म्हणणार नाही.

"आई, तुम्हाला बांधता येते ना ती उशी?"

कुसाबाईंनी जे सुनावलं त्याचा मथितार्थ असा, की चित्रपटातल्या शेठाणीने चोरीचा माल घेतला होता म्हणून तिला लपवावं लागलं. सरकारी कागदावर आई होणाऱ्या बाईने हे सोंग करणं म्हणजे पावती हातात असताना चोरवाटेने पळणं. आणि धनराजच्या त्या कचऱ्यातून कुणी जगण्याचा धडा घेईल, असं खुद्द धनराजलाही वाटलं नसेल. वेदिकाने खाली मान घालून ऐकलं. निफाडला तिच्या मावशीने अशाच एका मुलीला भरपंगतीत "आणलेली" म्हणून हाक मारली होती, तेवढं तिने सांगितलं आणि उठून गेली.

तिथेच हे संपायचं. पण आठवड्याने कुसाबाईंनी पाहिलं, की वेदिका सोफ्यावरची उशी पोटाला बांधून अंगणात कपडे वाळत घालतेय. पोट चौकोनी दिसत होतं. डावा कोपरा पदरातून बाहेर आलेला, आणि बाई खाली वाकताना गुडघ्यात न वाकता थेट कमरेतून वाकत होती. इतका वाईट अभिनय कुसाबाईंनी आयुष्यात बघितला नव्हता. त्यांनी तिला हाताला धरून आत नेलं. खरं म्हणजे त्यांनी ती उशी फेकून द्यायला हवी होती. त्यांनी ती नीट करायला घेतली.

जुन्या गोधडीचा कापूस काढला, त्यात मधोमध बाजरी भरली, कारण वजन नसेल तर पाठ मागे जात नाही. सुनेला चालायला शिकवलं. पोटुशी बाई पोटावर हात ठेवून फिरत नाही, तसं फक्त कॅलेंडरवरच्या बाया करतात. खरी बाई कमरेवर हात ठेवते आणि बसताना आधी खुर्ची चाचपते. चार महिने रोज तालीम चालली. वेदिका हुशार निघाली. योगेशने या सगळ्यात भाग घेतला तो एवढाच, की बाहेर कुणी विचारलं की लाजल्यासारखं हसायचं. तेवढंही त्याला जमेना.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण करावं लागलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, फुलांनी सजवलेला झोपाळा. गल्लीतल्या बारा घरच्या बायका आल्या. वाट्या झाकून ठेवल्या. वेदिकाने एक उघडली, बर्फी निघाली, मुलगी होणार म्हणून हसणं झालं. योगेशची आत्या भागुबाई इगतपुरीहून तांदळाची पिशवी घेऊन आल्या होत्या. वयाने कुसाबाईंपेक्षा थोरल्या, गेलेल्या भावावर जीव टाकणाऱ्या. त्यांनी ओटी भरली, हात पोटावर ठेवला आणि भावाचं नाव घेऊन रडल्या. वेदिकाच्याही डोळ्यांत पाणी आलं, अगदी हवं तिथे.

कुसाबाई स्वयंपाकघराच्या दारात, विंगेत उभं राहावं तशा उभ्या होत्या. शिष्येचं काम बघून आधी त्यांची मान ताठ झाली. मग भागुबाईंचा तो हात दिसला, आणि पानातली पुरी त्यांच्याच्याने खाल्ली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वेदिकाच्या फोनवर निरोप आला. नंबर लागला होता. मुलगी. फोटोही होता. चादरीवर बसलेली, कुणाकडे तरी बघून हसणारी, खालचे दोन दात दिसत असलेली. वय सात महिने. होकार अठ्ठेचाळीस तासांत कळवायचा होता.

आतल्या खोलीत तिघं त्या फोटोकडे बघत बसले. वेदिकाचा अंगठा त्या गालावरून हलेना. योगेश उठून येरझाऱ्या घालू लागला. दुपारची पाळी होती, अजून त्याने डबाही भरला नव्हता.

"दोन महिन्यांनी जन्मणारी मुलगी आत्ताच बसतेय," तो म्हणाला. "काय सांगायचं लोकांना?"

कुसाबाईंचं डोकं आपोआप चालू लागलं. वेदिकाला माहेरी पाठवायचं, सहा महिने कुणाला बाळ दाखवायचं नाही, दृष्टीचं निमित्त सांगायचं. पण दातांचं काय? दात कसे झाकायचे? आपण काय विचार करतोय हे त्यांच्या ध्यानात येईतो योगेश थांबला होता.

"नाही म्हणू या. ही नको. लहान असलेलं दुसरं दाखवतील."

हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, कुसाबाई स्वतः पंचवटीतल्या त्या खोलीत बोलल्या होत्या. पसंत नसेल तर सांगा बाई, दुसरं दाखवते. धनराजने टाळी वाजवली होती. तेव्हा समोर बाहुली होती. आता दोन दातांची पोर फोटोतून हसत होती, आणि पोटाचं माप जुळत नाही म्हणून तिला परत पाठवलं जाणार होतं. ते माप कुणी घेतलं होतं?

नवऱ्याला नाही म्हणायची ताकद वेदिकात नव्हती, आणि फोन खाली ठेवायचीही नव्हती.

कुसाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मुक्कामाला राहिलेल्या भागुबाई तिथे पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. समोर बसून कुसाबाईंनी सगळं सांगितलं. अर्ज, यादी, फोटो. उशीही.

भागुबाईंनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजी मी काल बाजरीवर हात ठिवून रडले?"

"हो, वन्सं."

"आन बांधली कोनी?"

"मी."

"शाब्बास," भागुबाई म्हणाल्या. "लय मोठी कलावंतीन तू. माझ्या भावाला बरं हे बघाया लागलं नाय."

कुसाबाईंनी मान वर केली नाही. आयुष्यात त्यांनी टीका खूप ऐकली होती, वर्तमानपत्रातलीही, पण उत्तर न देता ऐकलेली ही पहिलीच. भागुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. वेदिकाच्या हातातला फोन लांब धरून त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही नको म्हनतो व्हय रं तू?"

योगेशने लोकांचं नाव काढलं.

"लोकांच्या घरी रांगनार हाय का ती? तुझ्या बापाला तीन पोरी झाल्या आन तिन्ही गेल्या, तवा कुठं तू. त्यानं ही परत धाडली असती?" आणि मग वेदिकाकडे वळून, आवाज उतरवून, "पोरी, तुला काय वाटतं, ते बोल. त्याचं ऱ्हाऊ दे."

"मला हीच हवी," वेदिका म्हणाली, आणि योगेशकडे न बघता तिने होकार पाठवून दिला. योगेश पलंगाच्या कडेवर बसला. थोड्या वेळाने त्याने फोन मागून घेतला आणि तो फोटो मोठा करून पाहू लागला.

भागुबाईंचा राग मात्र उतरला नव्हता. ज्यांची ज्यांची ओटी घेतली त्या बाराही घरी जाऊन खरं सांगून यायचं, आणि ते सुनेनं नाही, जिने हे शिकवलं तिने, असा हुकूम त्यांनी सोडला. मुलगी येण्याआधी, आणि आजच.

समोरचं दार नसीमचं होतं. तिचा नवरा खलील गॅरेज चालवतो. काल ती वेदिकासाठी हिरव्या बांगड्या घेऊन आली होती. कुसाबाईंचं तोंड कोरडं पडलं होतं. मुंबईत नाट्यस्पर्धेच्या अंतिम फेरीतही असं झालं नव्हतं. दार उघडल्यावर त्यांनी प्रस्तावना वगैरे काही केली नाही. मुलगी दत्तक येतेय, सात महिन्यांची आहे आणि कालचं पोट खोटं होतं, एवढं सांगून टाकलं.

नसीमने त्यांना आत ओढलं आणि खुर्ची दिली.

"मावशी, ते माहीत होतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. तुम्ही गच्चीवर ते पोट उन्हात ठेवलं होतं ना, बाजरीला किडे लागले म्हणून. खैरनारकाकूंनी पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं."

कुसाबाईंना आधी जो राग आला तो केवळ नटीचा होता. चार महिन्यांची तालीम, ती चाल, ती पाठ, आणि प्रेक्षकांना पहिल्याच अंकात सगळं कळलेलं.

"मग काल आलात कशाला?"

"म्हणजे काय? बोलावलं होतं," नसीम म्हणाली. "बिचारी इतकी मेहनत घेत होती, कोण तोंडावर बोलणार? मूल कुठून तरी येतंय एवढं कळत होतं. कुठून, ते तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल." मग तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि मुलगी कधी येणार, काय खाते, झोपते कधी, असं सगळं विचारायला सुरुवात केली. यातलं कुसाबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त दोन दात माहीत होते, ते त्यांनी सांगितले.

पाणी पिऊन त्या उठल्या. बाकीच्या घरांत जायची आता गरज नाही, असं नसीम म्हणाली. पण खिडकीत भागुबाई उभ्या होत्या, आणि अजून अकरा दारं बाकी होती. कुसाबाईंनी पदर सारखा केला आणि खैरनारांची बेल दाबली.