ठासताना बोलायचं नाही

घाटंजीच्या विजयमालाबाईंशी वाद घालायला भलेभले दबकतात. साठी ओलांडली तरी जिभेची धार तशीच. पण ठासणीचं पिस्तूल हातात आलं की बाई मुक्या. त्यांचे वडील बळीराम त्याच पिस्तुलाने हवेत बार काढून रानडुकरं पळवायचे. लेकीला शिकवताना त्यांचा एकच दंडक होता: ठासताना बोलायचं नाही.

पिस्तूल आता बाईंच्या नावावर, आणि त्यावर डोळा यवतमाळच्या नेमबाजी क्लबच्या सेक्रेटरीचा. चारुदत्त त्याचं नाव. "काकू, स्पर्धेत शंभरात सत्तर मारा, परवाना पुढे चालू ठेवायला शिफारसपत्र देतो. नाहीतर पिस्तूल क्लबला द्या. काचेच्या कपाटात शोभून दिसेल." मेल्याने कपाट पुसूनसुद्धा ठेवलं होतं!

अर्ध्या तासात तेरा बार, त्यातले चांगले दहा धरायचे. बाईंनी नळीत बंदुकीची काळी दारू ओतली, वरची पोकळी भरायला थोडा रवा, मग तेलकट चिंधीतली गोळी. गजाने ठासलं, मागे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी चढवली, चाप ओढला. ठो! पाच बार झकास गेले.

सहावा भरताना चारुदत्त मागून म्हणाला, "काकू, उपमा करताय की काय?"

बाईंना राहवलं नाही. "तुह्या तेरवीचा शिरा करून राह्यली!"

लोक खो खो हसले. बाईही हसल्या आणि चाप ओढला. टोपी नुसतीच फटकन वाजली. दारू घालायचीच राहिली होती, नळीत फक्त रवा आणि गोळी!

बाईंना संताप आला, तो स्वतःचाच. टोपीखालच्या बारीक भोकातून सुईने दारूचा कण कण आत सारून त्यांनी अडकलेली गोळी एकदाची उडवली. ती मातीत गेली, वर नऊ मिनिटं गेली.

"राहू दे वं आता," नवरा भगवानराव मागून कळवळले.

"कपाट उघडायला सांगू का, काकू?" चारुदत्तने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

बाईंनी मान वळवली नाही. जिने घात केला ती जीभ दाताखाली धरली. दारू, रवा, गोळी, गज, टोपी. असे सात बार काढले. शिट्टी वाजली तेव्हा शेवटच्याचा धूर अजून समोर होता.

त्र्याहत्तर.

चारुदत्तने दोनदा मोजलं आणि पत्रावर सही केली. बाईंनी पिस्तूल पुसून पेटीत ठेवलं आणि भोकं पडलेला निशाण्याचा कागद त्याच्या हातात कोंबला.

"कपाट कायले रिकामं ठेवतं, बाप्पा? हा लाव तिथं. अन् खाली काकू नको लिहू, माहं पुरं नाव लिही."