आलापल्लीच्या वाटेवर ऑक्टेनचा शहाणपणा

चंद्रपूरहून आलापल्लीला जाणार असाल तर टाकी चंद्रपुरातच भरा. मी भरली नव्हती, आणि त्याचा संताप अजून जात नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी वीज केंद्रात बॉयलरवर होतो, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझ्या बायकोची, सुशीलाची, आलापल्लीच्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी दुपारी दोनला मुलाखत होती. "मी एसटीनंच जातो नं," ती म्हणाली. घरात गाडी असताना एसटी? मी ऐकतो कुठला!

पंपावर त्र्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल संपलेलं. साधं भरायला जीव होईना. त्या महागड्या पेट्रोलवर गाडी आणखी पळावी म्हणून मीच टायमिंग पुढे घेऊन ठेवलं होतं, म्हणजे ठिणगी जरा आधी पडते. पाव टाकीवर निघालो. गोंडपिपरीला गरम आलुबोंडे खाल्ले (चुकवू नका) आणि काटा पार खाली आला म्हणून किराणा दुकानातल्या पिंपातून पाच लिटर पेट्रोल घेतलं. रॉकेलचा नुसता भपकारा!

आष्टीला वैनगंगा ओलांडली, सागवान सुरू झालं आणि चढावर इंजिन खडखडू लागलं, ठोकू लागलं. ऑक्टेन कमी असलं की पेट्रोल अवेळी भडकतं, घाव पिस्टनवर बसतो. हे सगळं मी दुकानदाराला शिव्या घालत सुशीलाला समजावत होतो. तेवढ्यात गाडी बंद.

मागून एसटी आली, थांबलीसुद्धा. "येता का बाई?" कंडक्टरने विचारलं. सुशीलाने फाईल उचलली.

"पाच मिनिटांत चालू करतो," मी म्हणालो. ती बसून राहिली. एसटी गेली.

तासाभराने लाकडाच्या ठेकेदाराचा जीपवाला थांबला. माझं ऑक्टेनपुराण त्याने शांतपणे ऐकलं.

"पेट्रोल तं इथी असंच रायते, भाऊ. माह्या जीपमंदी बी हेच हाये. थे काऊन नाई ठोकत? टायमिंग कोनं पुढं केलं?"

"मी."

त्याने ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल करून बोटभर मागे फिरवला. गाडी सुरू झाली. मला त्या माणसाचा राग आला, हे कबूल करतो.

शाळेत पोचलो तेव्हा शिपाई कुलूप लावत होता. "सगळे गेले, बाई."

परत येताना सुशीला फाईल घेऊन मागच्या सीटवर बसली. जंगल सुंदर आहे म्हणतात. मी पाहिलंच नाही.

काही महिन्यांनी तिला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी मी टायमिंग नीट केलं, टाकी काठोकाठ भरली, गाडी धुऊन दारात लावली. सकाळी उठलो तर चहा झाकून ठेवलेला होता, आणि सुशीला पहिल्या एसटीने निघून गेली होती.