पंख्यातली हळद

पेटीच्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर यायला लागली म्हणून आज कॉम्प्युटर उघडला, तर आतल्या पंख्याच्या पात्यांवर हळद! खंडेनवमीला सासूबाईंनी विळी-कात्रीबरोबर त्याचीही पूजा केली होती आणि हळदीकुंकवाची बोटं नेमकी जाळीवर ओढली होती. पंख्याने प्रसाद मानून सगळं आत घेतलं.

हा कॉम्प्युटर मी आणि नवऱ्याने एकेक भाग आणून घरीच जोडला. माझ्या पेटीसाठी पंखा मोठा, शांत फिरणारा. त्याच्या गाड्यांच्या शर्यतींसाठी ग्राफिक्स कार्ड दणकट. अट एकच होती, बिघडेल तेवढाच भाग बदलता आला पाहिजे.

भाग जिथून आणले त्या दुकानदाराला फोन केला, तर म्हणतो, "मॅडम, जुना झाला तो. आता नवीनच घ्या."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. वस्तू उघडावी, पुसावी, पुन्हा जोडावी, यात कमीपणा कसला? सासूबाईंच्या विळीचा पाट बदलला, पातं बदललं, ती अजून नारळ खवते आहे. तिला टाकून द्या म्हणायची कुणाची हिंमत आहे?

मी ब्रशने पाती साफ केली, झाकण लावलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पेटीच्या भात्याच्या श्वासापेक्षाही हळू आवाजात.

सासूबाई दारात ओशाळून उभ्या होत्या. "पुढच्या वर्षी नाही हो लावायची मी हळद."

"लावायची, आई," मी म्हटलं. "जाळी सोडून लावा. पण ह्यालाच लावायची."