टेक्निशियन म्हणून सही कर

सरांनी लाल पेन घेतला आणि माझ्या नावावर रेघ मारली.

“हे नाव नको इथं,” ते म्हणाले. “मोंढ्यात आडनाव बघतात. मी न्हाई बघत. पण लोक बघतात ना.”

लातूरचं ते स्टार्टअप सेंटर. एसी चालू होता, मला घाम फुटला. कागदावर ‘संस्थापक’ लिहिलेलं, पुढं माझं नाव, बापाचं नाव, आमचं आडनाव. आणि मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी. हे आधीच सांगून टाकते. ती हललेली मान अजून खुपते मला.

मी नायगावची. आई मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सांडलेलं धान्य झाडायची, चाळायची. मी नांदेडला पॉलिटेक्निक केलं आणि वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानात लागले. धान्यातला ओलावा मोजायची मशिनंही तिथं यायची. एकदा एक आडत्या म्हणाला, “दोन पॉइंट वर ठेव गं.” म्हणजे वाळलेलं सोयाबीन ओलं दिसावं, भाव पाडता यावा. मी दुकानमालकाकडं बघितलं. मालक रस्त्याकडं बघायलेला.

मी नोकरी सोडली. स्वतःचं मशीन बनवलं, तळहाताएवढं. घरीच मोजा, मग माल मोंढ्यात न्या. लई वेळा बिघडलं. आई मूठमूठ सोयाबीन तव्यावर कोरडं करायची, मी आधीचं-नंतरचं वजन ताडून मशीन खरं बोलतंय का बघायचे.

मग सर भेटले. डाळमिलवाले. शनिवारी सेंटरात येऊन आमच्यासारख्यांना मार्गदर्शन करायचे, फुकट. “मला तुझ्याकडून काही नको, बेटा.” हे इतक्यांदा म्हणाले की शंका यायला पाहिजे होती. आली होती. मीच दाबली. कारण सल्ला चांगला होता. “आधी मशीन दाखवू नको. आधी माणसाला विचार, त्याचं कुठं दुखतं.” मी लातूरजवळच्या मुरुडला जाऊन तसंच केलं. बाया म्हणाल्या, आकडा मोठा दिसू दे, चष्मा शोधावा लागतो. मी आकडा मोठा केला. खोटं कशाला बोलू, तो सल्ला आजही कामाचा हाय. तेवढ्यानंच मी त्यांना सगळं सांगून बसले. दुकान, आडत्या, आईचा तवा. सगळं.

रेघ मारल्यावर पुढच्या शनिवारी करार आला. इंग्रजीत. संस्थापक म्हणून त्यांचा पुतण्या. माझं नाव चौथ्या पानावर.

“टेक्निशियन म्हणून सही कर. मोठी होशील.”

“घरी नेऊन वाचते, सर.”

“विश्वास न्हाई का माझ्यावर?”

मी कागद पिशवीत घातला. नांदेडच्या एसटीत एकेक शब्द मोबाइलवर शोधत वाचलं. मशीनमध्ये पुढं मी जे जे सुधारीन ते कंपनीचं. मला कधीही काढता येईल. घरी आईला समजावून सांगितलं. आईला अक्षर येत न्हाई. ती म्हणाली, “काम तुह्या हातचं, अन् धनी त्यो?”

मी सही केली न्हाई. सर धरून चालले की करीन.

सेंटरानं मशिनं दाखवायचा कार्यक्रम ठेवलेला; त्या दिवशी हॉलमध्ये पैसे गुंतवणारे बसलेले. पुतण्या स्टेजवर बोलायला लागला. “मी एकदा काटेवाल्याच्या दुकानात उभा होतो. एक आडत्या आला...” माझा आडत्या. माझं दुकान. त्याच्या तोंडात माझं आयुष्य, आणि लोक मान डोलवायलेले.

“आता आमची टेक्निशियन मशीन चालवून दाखवेल.”

मी वर गेले. माइक घेतला.

“हे मशीन मी बनवलंय. ही गोष्टपण माझीच हाय. शंका असंल तर ह्यांना मशीन उघडून दाखवायला सांगा.”

स्क्रूड्रायव्हर पुढं केला. पुतण्यानं तो घेतला न्हाई. मागं कुणीतरी हसलं. टाळी एकही न्हाई.

मी मशीन उचललं. दारात सर आडवे आले. “एवढं केलं तुझ्यासाठी. तुम्हा लोकांना वर काढावं तरी कसं?”

तुम्हा लोकांना.

“सर, तुम्ही म्हणाला होता, लोक आडनाव बघतात,” मी म्हटलं. “ते लोक तुम्हीच.”

गुंतवणूक आली न्हाई. सेंटराचं दार बंद झालं. सुटे भाग देणाऱ्या दुकानदारानं एकाएकी ‘माल न्हाई’ म्हणायला सुरुवात केली. मी भाग हैदराबादहून आणते. मशिनं घरीच बनतात, हळूहळू. मुरुडच्या बचत गटानं पहिलं घेतलं.

आता माझ्याकडंही पोरी विचारायला येतात. मागच्या आठवड्यात हिमायतनगरची एक आली. हळद धुवायचं यंत्र केलंय तिनं, आणि कुणीतरी तिला भागीदारीचा कागद दिलाय. तो माझ्यापुढं धरून म्हणाली, “ताई, तुम्ही म्हणाल तिथं सही करते.”

“माझ्या म्हणण्यावर तर अजिबात करू नको,” मी म्हटलं. “आधी मला विचार, ‘ताई, ह्यातून तुम्हाला काय पाहिजे?’”

ती लाजली. “तुम्हाला कसं विचारू?”

ती विचारीपर्यंत मी तिच्या कागदाला हात लावला न्हाई. तसं विचारल्याबिगर लावणारही न्हाई. कुणाच्याच.